झांज आली का?

आमच्या घरात माणसाला दुखलं-खुपलं तर आल्याचा काढा आणि मशीनला दुखलं-खुपलं तर टांगा, असा सरळ हिशेब होता. मशीन म्हणजे टेपरेकॉर्डर. दोन मोठी चाकं, त्यांच्यावर गुंडाळलेली तपकिरी फीत, पोटात काचेचे दिवे, आणि वजन असं की उचलणाऱ्याने आधी देवाचं नाव घ्यावं. त्याच्या एका बाजूचा पट्टा तुटलेला होता, म्हणून ते जुन्या सतरंजीत बांधून, एक टोक अप्पांनी आणि एक टोक मी धरून उल्हासनगरला न्यायचं. अशा किती खेपा झाल्या ते मी मोजलं नाही. कंबरेने मोजलं असावं, कारण आज इतक्या वर्षांनीही ते मशीन आठवलं की मला गाणं आधी आठवत नाही, कंबर आठवते.

आम्ही अंबरनाथला पश्चिमेला राहायचो, कारखान्याच्या चाळीत, दोन खोल्यांत. अप्पा, आई आणि मी, कुसुम. माझ्या पाठची दोन भावंडं लहानपणीच गेली होती आणि त्यांच्याबद्दल घरात बोलणं होत नसे. अप्पा पत्र्याच्या खात्यात मिस्त्री होते. पत्रा ठोकून त्याच्या टाक्या आणि पेट्या करायच्या. त्या खात्याचा आवाज वारा आमच्या बाजूला असला की चाळीपर्यंत यायचा. आई पदराने कपाळ पुसत म्हणायची, "आपल्याला इथे एवढं, तर त्यांना तिथे केवढं." अप्पा घरी आले की मोठ्याने बोलायचे. पत्र्याच्या खात्यातली सगळीच माणसं मोठ्याने बोलायची, त्यामुळे आम्हाला तो माणसांचा स्वभाव वाटायचा. आमचं मूळ गाव बदलापुराजवळचं जांभूळ. तिथली भातशेती अप्पांचे थोरले भाऊ गोविंदकाका बघत. तांदूळ तिथून यायचा. त्याची भाकरी, वालाचं बिरडं आणि चुलीत भाजलेला बोंबील, हे आमचं जेवण. ते जेवून अप्पा भिंतीला टेकले की एक सुस्कारा सोडायचे. दिवसभराचा सगळा शीण त्यात असायचा. मग त्यांना काहीतरी ऐकायला हवं असायचं.

आधी रेडिओ होता. पण रेडिओ आपल्या मर्जीने गातो, माणूस दमून येईपर्यंत थांबत नाही, अशी अप्पांची तक्रार. कारखान्यातला एक परदेशी इंजिनियर गाशा गुंडाळून मायदेशी गेला आणि त्याचं सामान उल्हासनगरच्या हासाराम शेठच्या दुकानात आलं, असं त्यांना कळलं. त्यात टेपरेकॉर्डर होता. पैसे कुठून उभे केले ती गोष्ट आईची आहे. तिने ती कुणालाच सांगितली नाही, तेव्हा मीही सांगत नाही.

हासारामचं दुकान एका बराकीत होतं. सिंध सोडून आलेल्या माणसांना सरकारने ज्या लष्करी बराकी दिल्या होत्या, त्यातली ती एक. मागे गोणपाटाचा पडदा, पडद्यामागे त्याचं कुटुंब, पुढे दुकान. पडद्यामागून कांदा परतल्याचा वास यायचा आणि पुढे तापलेल्या रेडिओंचा. दुकानात एक नाही, दोन मशिनं होती. एक नवंकोरं दिसणारं, हिरवा डोळा लुकलुकणारं. दुसरं त्या इंजिनियरचं, बोजड, कोपरे झिजलेलं. हासारामने एका सत्संगातल्या भजनाची फीत आधी नव्यावर लावली. मृदंगाचा आवाज असा घुमला की मागचा पडदा हलल्यासारखा वाटला. मी आणि आई एकदम खूष. मग तीच फीत जुन्यावर लावली. आवाज लहान, साधा. अप्पांनी डोळे मिटले आणि पुन्हा लावायला सांगितली. पुन्हा नव्यावर, पुन्हा जुन्यावर. आईने दुकानाच्या पायरीवर बसकण मारली.

"मिस्त्री, काय बघताय? ये नवा है, आवाज बघा ना साईं, बारात के माफिक," हासाराम म्हणाला.

"बारात नको मला. ह्या जुन्यात झांज वाजते आणि वाजून हळूहळू संपते. तुमच्या नव्यात ती वाजते आणि मधेच तुटते."

हासारामने दोन्ही पुन्हा लावून ऐकलं. मीही ऐकलं. मला काहीच फरक कळला नाही. त्यालाही कळला नसावा, कारण तो अप्पांकडे बघून हसला आणि आईला म्हणाला, "भेण, तुमच्या मिस्त्रीला कान आहे की मीटर?"

आईची कसोटी वेगळी होती. ट्रंकेवर मावतं का आणि खोळ शिवता येईल का. जुनं मावत होतं. ते घरी आलं.

गोविंदकाका झांज वाजवत, हे इथे सांगायला हवं. जांभूळच्या भजनी मंडळात त्यांच्यासारखी झांज वाजवणारा पंचक्रोशीत नाही, असं अप्पा म्हणायचे आणि दुसऱ्या कुणी म्हटलं नाही तरी अप्पा ते पुन्हा म्हणायचे. लहानपणी दोघे भाऊ मंडळात शेजारी बसत, काका झांजेवर आणि अप्पा टाळावर. नोकरी लागल्यावर अप्पांचं भजन सुटलं. मशीन घेण्यामागे खरं हे होतं. गावात तेव्हा वीज नव्हती, म्हणून सगळं मंडळच एका दुपारी चालत आमच्या चाळीत आलं. पखवाज डोक्यावर घेऊन, पायाला गावची माती. खोलीत पाय ठेवायला जागा उरली नाही. आईने ट्रंका गॅलरीत काढल्या आणि चहाचं पातेलं शेजारणीच्या चुलीवर चढवलं. मायक्रोफोन दोरीने छताच्या हुकाला टांगला, जिथे कधीकाळी माझा पाळणा होता.

"आरं, ह्यात आपला आवाज कोंडून ऱ्हातो? मंग तो गुदमरत नाय काय?" पखवाजवाल्या म्हाताऱ्याने विचारलं.

"तुजा नाय गुदमरायचा. तुजा आवाज मशीनलाच गुदमरवंल," काका म्हणाले, आणि मंडळ हसलं. ते हसणंही फितीवर आलं. पुढे ती फीत लावली की आधी हे हसणं यायचं, मग काकांच्या झांजेचा एक हलका ठोका, आणि मग अभंग. अप्पांनी ती फीत रोज संध्याकाळी ऐकली. आईला आणि मला ती इतकी पाठ झाली की हसण्यातलं कुणाचं हसणं आधी संपतं, तेही सांगता यायचं. खरं सांगायचं तर मला त्या अभंगाचा कंटाळा आला होता. रोज गोड खाल्लं तरी माणूस कंटाळतो.

आणि मशीनची सेवा माझ्याकडे होती. अप्पांची बोटं पत्र्याने जाड झालेली, म्हणून बारीक काम मी करायचं. दर रविवारी सकाळी झाकण उचलायचं. आत एक नखाएवढी चकचकीत गोष्ट असते, तिला हेड म्हणतात. फीत तिला घासत जाते आणि तिथे आवाज उचलला जातो. फितीची तपकिरी भुकटी तिच्यावर बसते, ती खराट्याच्या काडीला कापूस गुंडाळून, स्पिरिटात बुडवून पुसायची. मग रबरी चाक पुसायचं. त्याला तेलाचा थेंब लागला की फीत घसरते, म्हणून आधी हात साबणाने धुवायचे. पावसाळ्यात फिती बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात, भाजलेल्या तांदळाच्या पुरचुंडीसकट, नाहीतर त्यांना बुरा धरायचा. फीत तुटली की तिरकी कापून चिकटपट्टीने सांधायची. अप्पा शेजारी बसून बॅटरी धरायचे आणि सूचना द्यायचे. गाणं कमी आणि सेवा जास्त, असं देवघरासारखंच ते प्रकरण होतं. आता माझी नात खिशातल्या फोनवर बोट फिरवते आणि हवं ते ऐकते. तिला मी हे सांगितलं तर ती म्हणाली, "आजी, एवढी मेहनत?" मी म्हटलं, हो.

मग तक्रार सुरू झाली. "आवाज मंद झालाय. झांज दबतेय. नीट पुसलं नाहीस." मी पुन्हा पुसलं. चार दिवसांनी पुन्हा तेच. काड्यांसाठी मी इतक्या वेळा खराटा मोडला की आई म्हणाली, आता अंगण झाडायचं की मशीन झाडायचं ते एकदा ठरवा. सतरंजीत बांधून मशीन हासारामकडे गेलं. त्याने दिवा बदलला. घरी आणलं, झांज दबलेलीच. पुन्हा टांगा. त्याने कुठलीशी तार सांधली. पुन्हा टांगा. त्याने हेडच बदललं, अप्पांसमोर फीत लावली आणि म्हणाला, "अब तो एकदम क्लियर है, साईं." अप्पांनी मान हलवली, "नाही. संपते कुठे ती? पहिल्यासारखी संपत नाही." हासारामचा चेहरा पडला. त्याने चहा मागवला, तो पिऊन आम्ही मशीन पुन्हा सतरंजीत बांधलं. परतताना टांग्यात अप्पा एवढंच म्हणाले, "लोक हल्ली काम मनापासून करत नाहीत."

मला मशीनचा आणि अप्पांचा दोघांचा राग यायचा. मला तर झांज स्वच्छ ऐकू येत होती. पण ज्यांचा कान म्हणजे मीटर, त्यांना येत नाही म्हणजे माझ्याच कानात काही कमी असणार, असं मी धरून चालले. आईनेही तसंच धरलं होतं. त्याच सुमारास अप्पा गॅलरीत बसून म्हणायचे, "हल्ली चिमण्या कमी झाल्या नाही?" चिमण्या तर समोरच्या तारेवर ओळीने बसून किचकिच करत असायच्या. पण भुकेला माणूस स्वयंपाकात मीठ शोधत नाही, तशी दमलेली माणसं एकमेकांच्या बोलण्यात अर्थ शोधत नाहीत. आई "हं" म्हणायची आणि तांदूळ निवडत राहायची.

नवरात्र आलं. खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते. कारखान्यात मोठमोठ्या मशिनांना झेंडूचे हार पडायचे, घरी विळी, कोयता, अप्पांची हातोडी आणि आईचं शिवणयंत्र पाटावर मांडायचं. पूजा झाली की त्या दिवशी त्यांना हात लावायचा नाही, त्यांनाही एक दिवस सुटी. त्या वर्षी आईने टेपरेकॉर्डरही पूजेत घेतला. "दुसरे सगळे इलाज झाले, आता हाच राहिलाय," ती म्हणाली. मी पाण्यावर गेले होते. मी रोज काय करते ते बघून तिला झाकण उचलणं जमत होतं. तिने ते उचललं. बाहेरच्या लाकडाला कुंकू लावून काय उपयोग, आवाज येतो तिथेच लावायला हवं, असा तिने विचार केला. आणि कुंकू नुसतं लावलं तर गळून पडतं, म्हणून जसं स्वतःच्या कपाळाला लावायची तसंच लावलं. करंड्यातलं मेण आधी बोटाने चोळलं, त्यावर हळद, त्यावर कुंकू. मग झाकण बंद करून वर हार घातला. हे तिने मला नंतर सांगितलं. चांगल्या मनाने माणूस किती नेमकी चूक करतो, ते मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

दसऱ्याच्या संध्याकाळी गोविंदकाका जांभूळहून सोनं द्यायला आले. आपट्याची पानं देऊन पाया पडणं झालं. आईने वडे तळायला घेतले. अप्पा म्हणाले, "दादा, बस, तुझी फीत लावतो." चाकं फिरायला लागली.

आधी ते मंडळाचं हसणं आलं, पण गोधडीखालून आल्यासारखं. मग काकांचा ठोका यायला हवा होता, तो आलाच नाही. पखवाज नुसता बदबद करत होता. शब्दांमधले स आणि श गळून पडले होते. मी चमकून मशीनकडे पाहिलं. आई झारा हातात धरून स्वयंपाकघराच्या दारात आली. तिलाही कळलं. कळलं नाही ते एका माणसाला. अप्पा भिंतीला टेकून, डोळे मिटून, मांडीवर ताल धरत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं.

"काय रं," काका पुढे सरकत म्हणाले, "माजी झांज कुटं..."

"भावोजी, आधी वडे घ्या, गार होतायत," आई म्हणाली.

थोरल्या दिरासमोर आई डोक्यावर पदर घेऊन, खाली बघून, विचारलं तरच बोलायची. मधेच त्यांचं बोलणं तोडलेलं मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. काकांनीही नव्हतं. ते आईकडे बघत राहिले, मग अप्पांकडे बघितलं, आणि ताट पुढे ओढून घेतलं. अप्पांनी डोळे उघडून आम्हा सगळ्यांकडे हसून पाहिलं. "आज मशीन बरं वाजतंय," ते म्हणाले. "पूजा पावली म्हणायची."

मी तो अभंग शेवटपर्यंत ऐकला. रडू येत होतं, पण काका होते म्हणून रडले नाही. मेणाने आणि कुंकवाने बुजलेलं ते मशीन जसं वाजत होतं, तसंच अप्पांना वर्षभर सगळं ऐकू येत होतं. झांज, चिमण्या, माझ्या बोलण्यातले स आणि श. बिघाड मशीनमध्ये नव्हताच. आम्ही ते उगाच टांग्यातून फिरवत होतो.

काका गेल्यावर आई भांडी घासताना हळूच म्हणाली, "उद्या ते बाहेर गेले की पुसून टाक." पण दुसरा दिवस रविवार होता, आणि रविवारी मशीन पुसताना अप्पा बाहेर जातील हे शक्यच नव्हतं. ते नेहमीसारखे बॅटरी घेऊन शेजारी बसले. मी झाकण उचललं आणि कापूस फिरवला. तो लाल झाला. दुसरा पिवळा-लाल, चिकट. मी तो मुठीत घेणार तोच अप्पांनी माझा हात धरला. त्यांनी कापूस घेतला, बोटात चोळला, वास घेतला. ते मिस्त्री होते. मशीनमध्ये काय अडकल्यावर काय होतं हे त्यांना कुणी सांगायला नको होतं.

"हे कधीचं?"

"नवमीचं," आई दारातून म्हणाली. "मीच लावलं. मेणावर."

"म्हणजे काल हे असंच वाजत होतं."

आईने पदराला हात पुसले.

"दादा काहीतरी म्हणत होता काल. झांज कुठे गेली म्हणत होता ना?"

"हो," मी म्हटलं.

त्यांनी बॅटरी बंद केली आणि तो कापूस झाकणावर ठेवला. बाहेर नळावर बायकांची भांडणं चालली होती. त्यातलं त्यांना किती ऐकू येत होतं कोण जाणे. मग आई म्हणाली, "कारखान्याच्या डॉक्टरला दाखवू या का?"

"दाखवून काय करणार? आमच्या खात्यात कुणाचे कान धड आहेत? सगळ्यांना दडे बसलेत. डॉक्टर पत्रा ठोकणं बंद करणार आहे का?" हे ते रागाने बोलले नाहीत. फार दमून बोलले. मग थोड्या वेळाने म्हणाले, "बिचारा हासाराम. त्याला उगाच बोल लावला मी."

मी काडी खाली ठेवली. आता पुसून काय होणार, असं मला वाटलं, आणि मी ते बोलूनही गेले. "आता राहू दे ना, अप्पा."

"राहू दे कशाला?" त्यांनी बॅटरी पुन्हा लावली आणि हेडवर धरली. "तुम्हाला ऐकू येतं ना? तुमच्यासाठी पूस."

त्यानंतर आवाज मंद झाल्याची तक्रार घरात पुन्हा झाली नाही. टांगाही थांबला. पुढच्या आठवड्यात ते मशीन न घेताच, मुद्दाम उल्हासनगरला गेले, आपट्याची पानं खिशात घेऊन, आणि हासारामला सोनं देऊन आले. काकांनी विषय कधी काढला नाही, पण घरी आले की ते अप्पांच्या समोर, त्यांना तोंड दिसेल असे बसायला लागले. दर रविवारी मी मशीन पुसत राहिले, अप्पा बॅटरी धरत राहिले. मला तो अभंग पहिल्यासारखाच कंटाळवाणा होता, पण आता तो दोघांच्या वाटचा ऐकायचा होता, म्हणून मी नीट ऐकायचे. झाकण लावून फीत सुरू केली की अप्पा माझ्या तोंडाकडे बघायचे आणि विचारायचे, "झांज आली का?"

मी म्हणायचे, "आली."

पुढे पुढे माझं 'आली'ही त्यांना ऐकू येईना, तेव्हा मी नुसती मान हलवायचे. मान हलली की ते भिंतीला टेकून डोळे मिटायचे आणि मांडीवर ताल धरायचे. काकांची झांज जिथे पडायची, बरोबर तिथेच त्यांचा हात पडायचा.